पुस्तक हाताने लिहायचं की टाईप करायचं? अर्धं वहीत झालंय, पुढचं काय करू?

येरळाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. इथं लिहिणारे, छापणारे बरेचजण आहेत म्हणून विचारतोय.

मी आमच्या गावावर पुस्तक लिहायलोय. गाव पलूस तालुक्यात, कुंडलपासून लांब नाही, म्हणजे विषय काय असणार ते कळलंच असेल, प्रतिसरकार, इंग्रजांविरुद्ध गावागावांत चालवलेलं समांतर सरकार. 1943 ते 46 या काळात गावातलं कोण कोण भूमिगत होतं, कुणाच्या वस्तीवर भाकरी जायच्या, निवाडे कुठं बसून व्हायचे, धाड पडली की बायका काय करायच्या, हे सगळं. क्रांतिसिंह नाना पाटलांवर लिहिलं गेलंय, जी. डी. बापू लाडांवर लिहिलं गेलंय, मला त्या बायकांचं लिहायचंय ज्यांनी रात्री-अपरात्री चुली पेटवल्या आणि ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. ती पिढी आता जवळजवळ गेलीच, त्यांच्या लेकी-सुनांकडनं जे मिळतंय ते गोळा करतोय.

आतापर्यंतचं सगळं मी लाँगबुकात बॉलपेननं लिहिलंय. साधारण अर्धं पुस्तक झालं असेल. आता पुतण्या म्हणतोय काका हे काय करत बसलाय, लॅपटॉप घ्या नाहीतर मोबाईलवर बोला, आपोआप टाईप होतंय. ज्या प्रकाशकाशी बोललो तेही म्हणाले हस्तलिखित घेत नाही, युनिकोडमधे सॉफ्ट कॉपी द्या. मग मी एक प्रकरण डायरेक्ट लॅपटॉपवर लिहून बघितलं. झालं काय की ते प्रकरण ऑफिसच्या पत्रासारखं झालं. नोकरीत आयुष्यभर टिपणी आणि अहवाल लिहिलेत, स्क्रीन समोर आली की तीच भाषा येते, 'सदर महिलेने भूमिगतांस सहाय्य केले' असली. वहीत तीच बाई 'पोरं उपाशी हायती म्हणली आन् मी परात वडली' असं बोलते.

पण वहीचापण त्रास आहे, खोटं कशाला बोलू. कुठली गोष्ट कुठल्या वहीत आहे ते सापडत नाही. शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती 7 जून 1943 ला, ते छापील पुस्तकांत पक्कं आहे, पण गावातले दोघंजण त्या रात्रीची आठवण सांगताना एकजण चिखल होता म्हणतो आणि एकजण धुरळा होता म्हणतो, आणि हे दोन्ही मी वेगवेगळ्या वह्यांत लिहून ठेवलंय, जुळवायला बसलो की अख्खी संध्याकाळ जाते.

तर पुढचं हातानंच लिहू का आता टायपिंगला वळू? आणि हातानं लिहिलं तर टाईप कुणी करायचं, मी का बाहेर देऊ? बाहेर दिलं तर ती गावाकडची भाषा टिकते का, हा मोठा प्रश्न आहे माझ्यासाठी.

---

मिरजेची_डीटीपीवाली

नमस्कार दादा. विषय वाचून लगेच लॉगिन केलं. माझं मिरजेत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर टाईप करून छपाईची पानं लावायचं काम आहे, पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळं करते, त्यामुळं टायपिस्टच्या बाजूनं सांगते.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तोच महत्त्वाचा आहे. नाही टिकत. म्हणजे मुद्दाम कुणी बदलत नाही हो, पण टायपिंग करणाऱ्याची नजर अख्खा शब्द एकदम उचलते आणि बोटं सवयीनं चालतात. कागदावर 'वडली' असलं तरी बोटातनं 'ओढली' उमटतं, 'हायती'चं 'आहेत' होतं, आणि वाचताना ते बरोबरच वाटतं म्हणून प्रूफातपण सुटतं. त्यात मोबाईलवर किंवा वर्डमधे ऑटोकरेक्ट चालू असेल तर मग विचारूच नका. माझ्याकडं माणदेशी बोलीतलं एक हस्तलिखित आलं होतं, मी पहिल्याच दिवशी लेखकाकडनं शब्दांची यादी मागून घेतली, तो जे जसं लिहितो ते तसंच ठेवायचं अशी. ती यादी भिंतीला चिकटवून काम केलं तरी पहिल्या प्रूफात बरंच दुरुस्त करावं लागलं. त्यामुळं माझा धंदा असूनसुद्धा सांगते, हे पुस्तक तुम्ही स्वतः टाईप करा. दुसऱ्या कुणाला त्या बाईचा आवाज ऐकू येणार नाही.

आणि समजा द्यायचंच झालं तर असं द्या. कागद पाठकोरे हवेत, म्हणजे एकाच बाजूला लिहिलेलं, डावीकडं समास सोडलेला, ओळीत अंतर, प्रत्येक पानावर नंबर. पूर्वी अंकवाले हेच मागायचे ते उगाच नाही, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असलं की मागची अक्षरं उमटतात, शिवाय मधे मजकूर घालायला जागा राहत नाही आणि मग बाणावर बाण येतात. तुमची लाँगबुकं दोन्ही बाजूंनी भरलेली असणार, तर निदान घातलेला मजकूर कुठं जोडायचा तिथं लाल पेननं खूण करा.

प्रकाशक युनिकोड म्हणाले ते बरोबर आहे, त्यात टाईप केलेलं कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच वाचता येतं. बरीच डीटीपी सेंटरं अजून श्रीलिपी नाहीतर तसल्याच जुन्या फाँटमधे टाईप करून देतात, कारण पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, त्यात युनिकोड देवनागरी चालत नाही. मग ती फाईल कन्व्हर्टरमधनं काढली की रफार इकडचे तिकडे जातात, 'ऱ्या' तुटतो, 'ॲ' आणि 'ऑ' गायब होतात. बाहेर काम देताना पहिलं हे विचारून घ्या की टायपिंग मुळातच युनिकोडमधे करणार का.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

ताईंनी छपाईची बाजू सांगितली, मी लिहिण्याबद्दल बोलतो.

माझं मत सरळ आहे, पहिला खर्डा हातानं. याचं कारण लोक जे देतात, शाईचा वास आणि कागदाचा स्पर्श वगैरे, ते माझं नाही. हातानं लिहिताना मागं जाता येत नाही हे खरं कारण. स्क्रीनवर पहिला परिच्छेद कायम डोळ्यासमोर असतो आणि तो दुरुस्त करायला काही खर्च नसतो, म्हणून माणूस तोच दुरुस्त करत राहतो. वहीत खाडाखोड करायला कष्ट पडतात, म्हणून माणूस पुढं जातो. आणि पुस्तक पुरं होण्यासाठी पहिली गरज काय असेल तर पुढं जाणं.

लोकमान्यांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलं. सुटे कागद मिळत नव्हते, बांधलेल्या वह्या आणि त्यांची पानं मोजलेली, शाई नाही, फक्त शिसपेन्सिल. म्हणजे पान फाडून नव्यानं सुरू करायची सोयच नाही. आणि एवढा मोठा ग्रंथ काही महिन्यांत लिहून झाला, छापून आला 1915 ला. अर्थात ते टिळक होते, आयुष्यभराचा विचार डोक्यात तयार होता, त्यामुळं पेन्सिलीमुळं ग्रंथ झाला असं मी म्हणणार नाही. पण बंधनानं अडलं नाही एवढं नक्की. गांधीजींनी हिंद स्वराज 1909 मधे बोटीवर लिहिलं, बोटीच्याच कागदांवर, उजवा हात दुखायला लागला की डाव्या हातानं. त्या हस्तलिखिताची छापील प्रतिकृती मिळते, अक्षर कुठं बदललं ते दिसतं. लिहिणाऱ्याची घाई, थकवा, जोर हे सगळं कागदावर राहतं, टाईप केलेल्या पानावर ते राहत नाही.

आता कुणीतरी संशोधनाची लिंक टाकेलच म्हणून आधीच सांगतो. 2014 साली अमेरिकेत म्यूलर आणि ओपेनहायमर यांचा अभ्यास आला होता, हातानं नोट्स काढणाऱ्या विद्यार्थ्यांना समजुतीचे प्रश्न जास्त चांगले सोडवता आले, कारण लॅपटॉपवाले शब्दनशब्द उतरवत बसले. 2019 मधे तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तेवढा ठळक निघाला नाही. आणि मुळात ते वर्गातल्या नोट्सबद्दल आहे, पुस्तक लिहिण्याबद्दल नाही. त्यामुळं मेंदूचा दाखला देऊन हाताची बाजू घेणं मला पटत नाही. तुमच्याकडं त्यापेक्षा मोठा पुरावा आहे, तुम्ही एकच गोष्ट दोन्हीकडं लिहून बघितली आणि एकीकडं ती बाई बोलली, दुसरीकडं अहवाल झाला. यापुढं आणखी काय पाहिजे?

---

द्राक्षबाग_तासगाव

मी वेगळं बोलतो, राग मानू नका.

हातानं लिहायला टेबल लागतं, निवांत वेळ लागतो, उजेड लागतो. माझ्याकडं यातलं काही नसतं. मी जे काय लिहितो ते मोबाईलवर, बागेत फवारणीचं पाणी भरेपर्यंत, मार्केटला गाडी लावून नंबर येईपर्यंत, आणि माझी एक छोटी कादंबरी अशीच पुरी झाली. मोबाईलवर लिहिलेलं हलकं असतं असं कुणी म्हणालं की मला लागतं. भाषा पेनात नसते, कानात असते. काकांना स्क्रीनवर ऑफिसची भाषा येते कारण स्क्रीनवर त्यांनी आयुष्यभर ऑफिसचंच काम केलं, माझ्या मोबाईलवर मी मित्रांशी आणि घरच्यांशी बोलतो त्यामुळं मला तिथं बोलीच येते, 'हाय का' 'न्हाय गा' सगळं. म्हणजे सवयीचा प्रश्न आहे, वही विरुद्ध यंत्र असा नाही.

पुतण्यानं बोलून टाईप करायचं सांगितलंय त्यात मात्र सांभाळा. ते प्रमाण मराठी बऱ्यापैकी पकडतं, गावाकडचं बोललं की त्याला जो शब्द माहीत आहे तो घालून मोकळं होतं, आणि पूर्णविराम स्वल्पविराम आपणच नंतर घालत बसायचं. आजीबाईंच्या मुलाखतीला ते वापरूच नका. मुलाखत साधी रेकॉर्ड करा, फोन समोर ठेवून, त्यांना विचारून. आवाजच मूळ पुरावा आहे. वहीत तुम्ही जे लिहून घेता ते शेवटी तुम्ही ऐकलेलं असतं, त्यांनी बोललेलं नव्हे.

---

गावभाग (सांगली)

सगळ्यांचं वाचलं. मला फक्त एकच सांगायचंय पण ते कुणी बोललं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

येरळाकाठ, तुम्ही सांगलीत राहता. वह्या कुठं ठेवल्यात?

2019 च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45 आहे, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. आमच्या घरात वडलांच्या वह्या होत्या, त्यांनी तरुणपणापासून लिहिलेल्या, नाटकांच्या तालमी, हळदीच्या सौद्यातले किस्से, पेठेतली माणसं. पाणी चढेल त्या अंदाजानं वरच्या फळीवर ठेवल्या होत्या, पाणी त्याच्याही वर गेलं. नंतर घरी आलो तेव्हा वह्या फुगलेल्या, चिखलानं पानं चिकटलेली. वाळवल्यावर जे कळलं ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. शाईपेननं लिहिलेलं गेलं, नुसते निळे डाग राहिले, कारण ती शाई पाण्यात विरघळते. जेलपेनचं अर्धंमुर्धं फाकलं. बॉलपेननं लिहिलेलं बऱ्यापैकी वाचता आलं, ती शाई तेलकट असते. आणि पेन्सिलीचं जसंच्या तसं, शिसं पाण्यात विरघळत नाही. वर लोकमान्यांच्या पेन्सिलीचं वाचून हेच आठवलं.

ओल्या वहीची पानं ओढून सोडवायची नाहीत, फाटतात. कडक उन्हातपण टाकायची नाहीत. सावलीत, पंख्याखाली, मधे मधे कोरे शोषणारे कागद घालून वाळवायची, छापील वर्तमानपत्र नको कारण त्याची शाई लागते. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, तेवढ्या वेळात सगळ्यांना हात लागणार नसेल तर उरलेल्या वह्या प्लॅस्टिक पिशवीत घालून डीप फ्रीजरमधे ठेवायच्या, मग सवडीनं एकेक काढायची. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

म्हणून माझं म्हणणं, हातानं लिहा नाहीतर टाईप करा, पण आज रात्रीच्या रात्री त्या लाँगबुकांचे मोबाईलनं फोटो काढा. स्कॅनचं ॲप असतंय, ते पान सरळ करून पीडीएफ बनवतं. एक प्रत ऑनलाईन ड्राईव्हवर, एक पेनड्राईव्हवर, आणि तो पेनड्राईव्ह सांगलीच्या बाहेर, नदीपासनं लांब कुणाकडं तरी. लॅपटॉपमधे आहे म्हणजे सुरक्षित आहे असंही समजू नका, पुरात लॅपटॉपपण जातो, आणि लॅपटॉपच्या बाबतीत अर्धं वाचलं असं होत नाही.

तुमच्याकडं ज्या बायकांचं बोलणं आहे ते दुसऱ्या कुणाकडंच नाही. कृपा करून हे पुढं ढकलू नका.

---

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गावभाग, तुमचं वाचल्यावर लगेच फोटो काढायला बसलो, पुतण्या आणि मी दोघं मिळून, निम्म्या वह्या झाल्या, बाकीच्या उद्या. पेनड्राईव्ह विट्याला बहिणीकडं ठेवणार.

तासगावकर, तुमचं सवयीबद्दलचं पटलं. राग कसला, उलट विचारात पडलो. तरी या वयात मला स्क्रीनवर बोलीची सवय लागेपर्यंत पुस्तक राहून जाईल असं वाटतं, त्यामुळं पहिला खर्डा वहीतच करायचं ठरवलंय, इथनं पुढं मात्र एका बाजूला लिहीन. आणि टाईप मी स्वतःच करणार.

आता दोन गोष्टी विचारतो. कुठला कीबोर्ड शिकू? ऑफिसात इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटायचं तसलं वापरलंय, ते चालेल का? आणि सगळं लिहून झाल्यावर टाईप करू का एकेक प्रकरण लगेच?

---

मिरजेची_डीटीपीवाली

इंग्रजीवरनं मराठी करायचं चालतं, पण तुमच्या पुस्तकाला नको असं मला वाटतं. त्यात तुम्ही अर्धा शब्द टाकता आणि ते पुढचा शब्द सुचवतं, आणि सुचवताना प्रमाण शब्दच सुचवतं. परत 'वडली'ची 'ओढली'.

इनस्क्रिप्ट शिका. विंडोजमधे असतोच, मोबाईलवरपण मिळतो, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, एवढं कळलं की निम्मं काम झालं. जे अक्षर दाबाल तेच उमटतं, मधे कुणी सुचवायला येत नाही. र हा इंग्रजी जे वर आहे, शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला डी वरचं हलन्त जोडून य घेतला की साताऱ्याचा, दऱ्याखोऱ्याचा 'ऱ्या' नीट येतो. साधा र घेऊन केलात तर रफार जाऊन बसतो, 'सातार्या' दिसतं, आणि हे एकदा फाईलभर झालं की शोधून शोधून बदलावं लागतं. ज्यांनी पूर्वी टाईपरायटरवर मराठी टायपिंग केलंय त्यांनी रेमिंग्टन ठेवावा, बोटं बसलेली असतात, पण तुमचं तसं दिसत नाही.

वेगाची काळजी करू नका. सरकारी परीक्षेला मराठीत मिनिटाला 30 शब्द लागतात, तुम्हाला त्याची गरज नाही. हिशोब करून सांगते, डेमी साईजच्या पुस्तकात पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द बसतात, दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे पन्नास-साठ हजार शब्द. मिनिटाला पंधराच शब्द आले तरी 55 ते 67 तासांचं काम. रोज एक तास बसलात तर दोन महिने. लोक टायपिंगला जेवढं घाबरतात तेवढं ते नसतं. आणि पानं 16 च्या पटीत आली तर फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचे 16 पानांचे गठ्ठे, पूर्ण भरतात, ते नंतर प्रकाशक बघतील, आत्ता त्याच्यावर लिखाण तोडू नका.

---

अजिंक्यतारा_पायथा

एकेक प्रकरण लगेच की शेवटी, याबद्दल.

मी म्हणेन प्रकरण लिहून झालं की थोडे दिवस ते तसंच राहू द्या, पुढचं वहीत सुरू करा, आणि मागचं टाईप करायला घ्या. म्हणजे हाताचं काम कायम एक प्रकरण पुढं. याचा फायदा असा की टाईप करताना प्रत्येक वाक्य परत तुमच्या हातातनं जातं. जे वाक्य परत टाईप करायचा कंटाळा येतो ते बहुतेक वेळा पुस्तकात नको असतं. बाहेर टायपिंगला दिलं तर ही संधीच जाते, कारण टायपिस्ट पैसे घेऊन कंटाळवाणं वाक्यसुद्धा इमानानं टाईप करतो.

आणि तुमचं पुस्तक इतिहासाचं आहे म्हणून एक विनंती. टाईप करताना प्रत्येक आठवणीच्या शेवटी वहीचा नंबर, पान, आणि कुणी कधी सांगितलं ते कंसात टाकत चला. छापताना काढता येईल. पण चिखल होता का धुरळा होता हे ठरवायची वेळ येईल तेव्हा फाईलमधे 'शेणोली' एवढं शोधलं की दोन्ही आठवणी समोर येतील, कुणी सांगितल्या त्यासकट. माझं वैयक्तिक मत विचाराल तर दोन्ही ठेवा. 7 जून म्हणजे मृगाच्या तोंडावरच, वळीव एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवारात पडत नाही, दोघंही खरं सांगत असतील. गावं पण बघा, कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि आजूबाजूची बरीच गावं ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात, सांगली जिल्हा नावाचं काही नव्हतंच, 1949 ला दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला सांगली नाव मिळालं. सांगणाऱ्यानं 'साताऱ्याला नेलं' म्हटलं तर ते कुठलं, हेही त्या कंसात लिहून ठेवा.

---

द्राक्षबाग_तासगाव

वहीतनं परत टाईप करायचं म्हणजे एकच काम दोनदा, हे मला अजून पटलेलं नाही, पण काकांचं पुस्तक आहे, त्यांना जमेल तसं करूदेत. मी रेकॉर्डिंगचं परत सांगतो, ते लिहिण्याच्या आधी करा. टायपिंगला दोन महिने लागू देत नाहीतर दोन वर्षं, त्या लेकी-सुनापण आता सत्तरीच्या पुढं असणार. फाईलला नाव देताना गाव, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका, नुसतं 'नवीन रेकॉर्डिंग' राहिलं की वहीपेक्षा वाईट अवस्था होते. आणि माझ्याकडं एक जुना पण चांगला रेकॉर्डर पडून आहे, मला आता लागत नाही, पाहिजे असेल तर मेसेज करा, बुधवारी सांगली मार्केटला येतोय.

---

येरळाकाठ

पाहिजे. मेसेज केलाय. बुधवारी दुपारनंतर कधीपण या, आणि गुरुवारी गावात एका आजींकडं जायचं ठरलंय, वेळ असेल तर चला बरोबर.